पायात काटा

सरकारी कचेरीत साधा प्रश्न विचारू नये. अवघड विचारलात तर लोक फायली तरी काढतात. साधा विचारलात की तुमच्याच तोंडाकडे बघत बसतात. भिंगबाईंनी टांकसाळीत असाच एक साधा प्रश्न विचारला आणि डोक्याला ताप लावून घेतला. प्रश्न एवढाच होता: आपल्या देशाच्या चिन्हावरच्या करकोच्यानं पायात धरलंय तरी काय?

भिंगबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कपाळावर सदा चढवलेलं ते भिंग, म्हणून भिंगबाई. घरी जाताना ते उतरवायचं भान त्यांना क्वचितच राहायचं. एकदा तशाच बाजारात गेल्या तर बटाटेवाला हात जोडून म्हणाला, "बाई, माझ्या वजनात खोट नाही हो!" त्यांचं काम नाण्याचा नमुना करायचं. नाणं बोटाच्या पेराएवढं असलं तरी नमुना असतो जेवणाच्या ताटाएवढा, पांढऱ्या प्लास्टरचा. कोरणीनं, सुईनं, ओल्या ब्रशनं त्यावर चित्र उठवायचं. मग एक यंत्र ते सगळं चित्र लहान करून पोलादी ठशावर उतरवतं आणि त्या ठशाखाली नाणी पडतात.

आजवर बाईंच्या वाट्याला आले ते आकडे आणि कडेची पानं. पाचाचा आकडा त्यांच्याइतका डौलदार कुणाला जमत नसे, पण पाचाच्या आकड्याचं कौतुक कोण करतो! चिन्हाची बाजू थोरल्या कलाकारांकडे होती. ते निवृत्त झाले आणि काम बाईंच्या पुढ्यात आलं. तेही कसलं? चांदीचं नाणं. बाजारात चालणारं नव्हे. छंदिष्टांनी मखमलीच्या पेटीत ठेवायचं आणि पाहुणे आले की काढून दाखवायचं. जाडजूड, आणि चित्राला उठाव असा की डोळे मिटून बोट फिरवलं तरी करकोचा कळावा.

आणि अशा नाण्यावर कलाकाराची खूण चालते. इतर देशांत कधीचीच चालते, इथं यंदा पहिल्यांदा परवानगी आली होती. एकच अक्षर, करकोच्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्टीवर, मोहरीएवढं. मोहरीएवढं का होईना, आपलं! त्या बातमीनं बाईंना झोप लागेना. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर त्या आपल्या नावाचं पहिलं अक्षर गिरवत बसायच्या. कधी तिरकं, कधी गोलसर, कधी शेपूट काढून.

त्यांचे यजमान घड्याळजी. घराखालीच दुकान. त्यांनी त्या कडा बघितल्या आणि चष्म्यावरून म्हणाले, "इतकी वर्षं सगळ्या गावाच्या खिशात तुझा हात होता, कुणाला पत्ता नव्हता. आता नावच सोडून येणार म्हणतेस. पकडली जाशील हं!"

"जाऊ दे पकडली," बाई म्हणाल्या. "एकदा तरी पकडली जाऊ दे."

हसत म्हणाल्या, पण मनापासून म्हणाल्या. माणसाला आपलं काम आवडलं की ते आपलं आहे हे कुणाला तरी कळावंसं वाटतंच. त्यात लाजायचं काय?

तर घोडं अडलं ते पायापाशी. रोजच्या नाण्यांवर करकोचा एवढासा, त्याचा उचललेला पाय त्याहून एवढासा आणि पायात जे काही आहे ते नुसतं टिंब. त्या टिंबानं आजवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण आता टिंबाला सुटका नव्हती. ताटाएवढ्या नमुन्यावर तो पाय बाईंच्या अंगठ्याएवढा येत होता. तिथं टिंब काढून चाललं नसतं. काहीतरी काढायला हवं होतं.

त्यांनी कायदा बघितला. चिन्हाचं वर्णन कायद्यात एका ओळीत दिलंय, शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं: 'पाणथळीत उभा करकोचा, एक पाय उचललेला, पायात काटा.'

काटा. बरं, कसला काटा?

बाई वजनखोलीत गेल्या. तिथले तोलारी चांदीच्या चकत्या तोलत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "काटा म्हणजे वजनकाटा. त्यात विचारायचं काय?" कँटीनवालीनं कपबशा पुसत सांगितलं, "काटा-चमचा असतो ना साहेबांच्या ताटात, त्यातला." पहारेकऱ्याला वाटे की कुंपणाचा काटा आहे, करकोचा देशाचा पहारा करतो. संध्याकाळी घरी विचारलं तर यजमान हातातल्या घड्याळातून मान काढून म्हणाले, "तासकाटा की मिनिटकाटा, एवढाच प्रश्न आहे." ज्याचं त्याचं पोट ज्यावर चालतं तोच काटा ज्याला त्याला त्या पायात दिसत होता. बाईंना आधी हसू आलं आणि मग खोड लागली. भेटेल त्याला विचारू लागल्या. उद्वाहक चालवणाऱ्यालासुद्धा सोडलं नाही.

शेवटी कायदेवाले स्वतः खाली उतरले. टांकसाळीचे कायदा अधिकारी ते, सगळे त्यांना कायदेवालेच म्हणत. बुटांचा आवाज आधी यायचा, मग ते. "बाई, चर्चा फार झाली," ते म्हणाले. "न्यायाचा काटा आहे तो. तराजू काढा, दोन पारडी काढा, मोकळ्या व्हा."

"करकोचा तराजू कशाला धरेल, साहेब?"

"चिन्ह आहे ते. चिन्हात कुणी काहीही धरतं."

"पण मूळ करणाऱ्यानं काय काढलं होतं?"

"ते आता कुठून आणणार!" कायदेवाले म्हणाले, आणि बूट वाजवत निघून गेले.

टांकसाळीच्या मोठ्या साहेबांनी मग बाईंना बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं. सोमवारी नमुना पसंत करायला समिती येतेय. वरच्या मजल्यावरच्या संगणकवाल्या मंडळींनी तराजूचं चित्र तयारच ठेवलंय. बाईंचा नमुना झाला तर उत्तम, नाहीतर ते चित्र थेट यंत्रात जाईल. "आणि यंत्राला काही खूण नसते," साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, पण बाईंना कळायचं ते कळलं.

कुणी शहाणी बाई असती तर तिनं गपचूप दोन पारडी काढून आपलं अक्षर पदरात पाडून घेतलं असतं. भिंगबाईंना नाही जमलं. चांगुलपणा म्हणून नव्हे हो. त्यांना फक्त कळायला हवं होतं. काही माणसांना बंद डबा दिसला की त्यात काय आहे हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तशातला प्रकार.

टांकसाळीच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात चिन्हाचं अगदी पहिलं चांदीचं नाणं होतं. बाईंनी किल्ली मागून ते बाहेर काढलं, भिंग डोळ्यावर ओढलं आणि कपाळालाच हात लावला. प्रत्येक मोठा पाहुणा यायचा म्हटलं की कुणीतरी हौसेनं पावडर लावून ते नाणं घासायचा. घासून घासून चकाकी अशी आली होती की तोंड बघावं. करकोचा मात्र पार विरघळला होता. चोच नाही, डोळा नाही, पायाच्या जागी गुळगुळीत फुगवटा. नाण्याच्या छंदिष्टांना विचारा, चांदीवर काळपटपणा चढला तर ते त्याला हात लावू देत नाहीत. आणि इथं टांकसाळीनंच आपल्या करकोच्याला आंघोळ घालघालून मारलं होतं.

पण छंदिष्ट म्हटल्यावर बाईंना एक नाव आठवलं. नदीपलीकडच्या रस्त्यावर एक दाताचे डॉक्टर राहत. टांकसाळीचं प्रत्येक नवीन नाणं घ्यायला खिडकीवर पहिले हजर, आणि कडेवर एखादं पान वाकडं आलं तर तक्रारही पहिली त्यांचीच. बाईंना त्यांचा रागच होता. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात तसा गरजवंताला रागही परवडत नाही. शनिवारी दुपारी बाई त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसल्या.

"कुठला दात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दात नाही. पाय," बाई म्हणाल्या, आणि सगळी हकिकत सांगितली.

डॉक्टर कानापर्यंत लाल होतील इतके खूश झाले. त्याच पहिल्या खेपेतलं एक नाणं त्यांच्याकडे होतं! आजोबांनी घेतलं होतं आणि घरात सक्त ताकीद होती की त्याला कुणी घासायचं नाही, पुसायचं नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही. त्यांनी ते आतून आणलं, नुसतं कडेला धरून. काळसर पडलेलं, कोळशावर निळी झाक असावी तसं. कुठं ठेवावं म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि मग सरळ रोग्याच्या खुर्चीवर, डोकं टेकायच्या उशीवर, स्वच्छ रुमाल पसरून ठेवलं. वरचा मोठा दिवा खाली ओढला. बाईंच्या हातात दात बघायचा तो छोटा गोल आरसा दिला.

"मला आपलं नेहमी दातकोरणं वाटायचं ते," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले.

बाईंनी ते ऐकलंच नाही. त्या वाकल्या होत्या. दिवा तिरपा केला तशा पिसांच्या रेघा एकेक करून वर आल्या, पाण्यातलं गवत दिसायला लागलं. आणि पहिली गोष्ट जी दिसली ती पायाची नव्हतीच. मान वाकलेली होती. आजच्या नाण्यांवरचा करकोचा ताठ मानेनं क्षितिजाकडे बघतो, भाषण ऐकायला बसल्यागत. हा खाली बघत होता. बाईंनी पिशवीतून मधल्या काळातली नाणी काढली आणि खुर्चीच्या हातावर ओळीनं मांडली. प्रत्येक नव्या नाण्यावर मान सुताभर वर गेली होती. प्रत्येक वेळी कुणीतरी साहेब म्हणाला असणार, "जरा रुबाबदार करा." करता करता बिचाऱ्याची नजर पार आभाळात गेली.

मग त्यांनी आरसा पायाजवळ धरला. बोटं मिटलेली नव्हती. फाकलेली होती, ताणून. बाईंनी आपला हात समोर धरून मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. काही धरायचं तर बोटं वळायला हवीत. या पायानं काहीच धरलेलं नव्हतं. पण तळव्यातून एक बारीक टोक मात्र बाहेर आलं होतं.

"हे काय असेल?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि पाठ असलेली ओळ पुन्हा म्हणून बघितली, कोडं सोडवताना माणूस मोठ्यानं म्हणतो तशी. "एक पाय उचललेला... पायात काटा."

डॉक्टर पाठमोरे उभे राहून बेसिनवर हात धूत होते. नळाच्या आवाजात त्यांना शेवटचेच दोन शब्द ऐकू आले असावेत. आयुष्यभराच्या सवयीनं ते म्हणाले, "अरेरे! केव्हापासून?"

बाई सरळ झाल्या.

"काय म्हणालात?"

"पायात काटा म्हणालात ना तुम्ही? म्हटलं केव्हापासून आहे? सूज आलीय का?" डॉक्टरांनी वळून बाईंच्या चपलांकडे बघितलं.

बाई खुर्चीचा हात धरून इतक्या हसायला लागल्या की बाहेर बसलेला गाल सुजलेला माणूस आत डोकावून गेला. डॉक्टरांना काही कळेना. बाईंनी त्यांना दंडाला धरून दिव्याखाली आणलं आणि नुसतं बोट दाखवलं. डॉक्टरांनी बघितलं. पुन्हा बघितलं. आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू आजोबांनीच पाठीत धपाटा घातलाय.

"रुतलाय!" डॉक्टर म्हणाले. "अहो, हा त्याला रुतलाय!"

झालं की! पायात काटा म्हणजे पायात काटा. कुणा लेकराच्या तोंडून हे शब्द ऐकले असते तर सगळ्या टांकसाळीनं सुई शोधली असती. पण कायद्यात लिहिलंय म्हटल्यावर तोलाऱ्यापासून कायदेवाल्यांपर्यंत एकालाही त्याचा साधा अर्थ सुचला नव्हता. आणि भिंगबाईंनाही नाही, हेही सांगायला हवं.

"म्हणून खाली बघतोय," डॉक्टर म्हणाले. "जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते, माहितीये ना? तसंच."

"पण असा करकोचा कुणी देशाचं चिन्ह म्हणून का घ्यावा?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. "थवा उडून गेला असेल आणि हा काट्यापायी मागे राहिला असेल. आपली पहिली माणसं दमूनभागून इथं येऊन पोचली, तर इथं हा एकटा उभा. काय सांगावं!" मग त्यांनाच आपल्या बोलण्याची शंका आली. "मी दातांचा डॉक्टर आहे, मला विचारू नका."

खरं-खोटं कुणास ठाऊक. पण बाई पुलावरून घरी चालत आल्या तेव्हा त्यांना सारखं आपल्याच टाचेत काहीतरी टोचतंय असं वाटत होतं.

रविवारभर त्यांनी नमुना केला. यजमानांनी दुकान बंद ठेवून चहा करून दिला आणि मध्ये एक शब्द बोलले नाहीत, यावरूनच काय ते समजा. मान खाली आली. डोळ्याची पापणी अर्धी मिटली. बोटं फाकली. काटा मात्र प्लास्टरमध्ये कोरून नीट येईना, तुटायचा. शेवटी बाईंनी पितळेच्या तारेचा तुकडा घासून टोकदार केला आणि सरळ करकोच्याच्या तळव्यात रोवला. रोवताना त्यांनी स्वतःच "स्स" केलं.

जमिनीच्या पट्टीवर अक्षराची जागा मोकळी ठेवली. समितीनं हो म्हटल्याशिवाय खूण उठवायची नाही असा दंडक होता.

"तराजू काढला असतास तर उद्या नक्की हो म्हणाले असते," यजमान म्हणाले.

"माहितीये मला."

"नाही, मी आपलं बोलून दाखवलं. नंतर म्हणशील सांगितलं नाही."

सोमवारी समिती आली. अध्यक्ष म्हणून एक वयस्कर बाई होत्या, पांढऱ्याधोप केसांच्या, सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकणाऱ्या. अशा माणसांची जास्त भीती वाटते. टेबलावर एकीकडे वरच्या मजल्याचं तराजूचं चित्र ठेवलं होतं, दुसरीकडे बाईंचं प्लास्टरचं ताट. मोठे साहेब दोन्हीच्या मधोमध उभे होते, इकडे ना तिकडे.

कायदेवाल्यांनी ताट बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "हे काय? काट्याचं काय केलंत?"

"पायात आहे," बाई म्हणाल्या. "कायद्यात म्हटलंय तसाच. त्यानं धरलेला नाही, साहेब. त्याला रुतलाय." आणि त्यांनी मान कशी वर वर गेली ते नाण्यांची ओळ मांडून दाखवलं, बोटांचं सांगितलं, दवाखान्यातलंही सांगितलं.

"म्हणजे देशाचा करकोचा लंगडा!" कायदेवाले म्हणाले. "पाहुण्यांना पेटीतून काढून काय देणार आपण? लंगडा करकोचा? लोक काय म्हणतील?"

मोठे साहेब छताकडे बघू लागले. बाईंना कळून चुकलं की गेलं. आता संगणकाचं चित्र उचलतील, आपलं ताट कपाटावर जाईल आणि आपण पुन्हा पाचाचे आकडे काढत बसू.

अध्यक्षबाई उठल्या. ताटाजवळ आल्या, चष्मा काढला आणि अगदी वाकून त्या पायाकडे बघत राहिल्या. मग वर न बघताच विचारलं, "मग इतकी वर्षं कुणी काढला का नाही तो?"

प्रत्येकाला वाटलं की आपल्यालाच विचारलाय.

"कुणी बघितलाच नाही, बाई," भिंगबाई म्हणाल्या.

"आता बघितला ना? मग काढा की!"

भिंगबाईंनी एप्रनच्या खिशातून चिमटा काढला. वास्तविक आपण शोधलेला काटा, आपल्या हातानं रोवलेला. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण हात पुढं गेला तेव्हा त्यांना कळलं की शनिवारपासून आपल्याला दुसरं काही नकोच होतं. त्यांनी डाव्या हातानं ताट धरलं, चिमट्यात तारेचं टोक पकडलं आणि हलकेच ओढलं. तार निघाली. तळव्यात बारीकसं भोक राहिलं. खोलीत सगळ्यांचाच श्वास सुटला, आणि कायदेवाल्यांनी टेबलाखाली आपला उजवा बूट जरासा उचलला होता तो खाली टेकवला.

पण गडी कायद्याचा! भानावर यायला त्यांना वेळ लागत नाही. "काढलात हे ठीक," ते म्हणाले. "पण कायद्यात काटा आहे. तो नाण्यावर कुठंतरी असलाच पाहिजे. नाहीतर उद्या सगळी नाणी रद्द."

"पायातच हवा का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कायदेवाले विचारात पडले. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं कोण जाणे, पण हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "मांजर पायात येतं म्हणतो ना आपण?" ते म्हणाले. "ते काही पायात घुसलेलं नसतं. पायांजवळ घोटाळत असतं. म्हणजे 'पायात'चा अर्थ पायांजवळ, असाही लागतो. काटा जमिनीवर, पायाशी पडलेला दाखवा. मी सही करतो." एवढं बोलून त्यांनी सगळ्यांकडे असं बघितलं की खुद्द अध्यक्षबाईंनाही हसू आवरलं नाही.

जमिनीवर. भिंगबाईंनी ताटाकडे बघितलं. जमिनीची पट्टी केवढी, तर केवढीशी. तिच्यावर गवताच्या काड्या, उभा पाय, आणि पायाशी एकच मोकळी जागा. तिथं काटा आणि अक्षर अशा दोन खुणा काढल्या तर यंत्र लहान करताना दोन्ही एकमेकींत मिसळून टाकणार, पुन्हा टिंब. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबांना नाही, कायदेवाल्यांना नाही, कुणालाच नाही. त्यांनी सांगितलं नसतं आणि अक्षर उठवलं असतं, तर पुन्हा एक टिंब झालं असतं आणि पुढं कुणीतरी तासकाटा की मिनिटकाटा म्हणत बसलं असतं.

त्यांनी एकदा बोटानं त्या मोकळ्या जागेवर आपलं अक्षर काढलं. कोरडंच, नुसत्या बोटानं. गोलसर, शेपूट काढून. कुणी बघितलं नाही. मग कोरणी उचलली आणि तिथं एक छोटी तिरपी रेघ उठवली. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. उठवताना डोळे भरून आले, पण हात हलला नाही.

नाणं निघालं त्या सकाळी टांकसाळीच्या खिडकीवर सगळ्यात पुढं दाताचे डॉक्टर उभे होते. पेटी हातात पडताच त्यांनी ती तिथंच उघडली, नाणं कडेला धरून उन्हाकडे केलं आणि खिशातून भिंग काढलं. मागची रांग कुरकुरायला लागली तरी ते हलले नाहीत. बाई खिडकीच्या आतल्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

डॉक्टरांचं भिंग आधी मानेवर गेलं, तिथून पायावर. तळव्यातलं भोक त्यांना दिसलं. मग ते हळूच खाली उतरलं आणि जमिनीवरच्या त्या रेघेवर थांबलं.

"काढला!" डॉक्टर एवढ्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघू लागली. "काढला एकदाचा! हुश्श!" त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग पुन्हा नाण्यावर वाकले, गवत बघितलं, कड बघितली, नाणं उलटं करून मागची बाजूही बघितली, आणि गोंधळून खिडकीतून आत बघितलं. "आणि बाई, तुमचं अक्षर कुठाय? खूण देणार होते ना तुम्हाला? मी तर त्यासाठीच पहाटेपासून उभा आहे."

"जागा एकच होती," भिंगबाई म्हणाल्या, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला पेटी दिली.